तिसरा अंक झालाच नाही

चिखलीत आमचं ड्रेपरीचं दुकान आहे. ड्रेपरी म्हणजे काय हे आताच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. शाळेचं गॅदरिंग असो, गणपतीतलं नाटक असो की गावच्या जत्रेतला कार्यक्रम असो, त्याला लागणारे पोशाख, मुकुट, तलवारी, टोप, दाढ्या भाड्याने देणारं दुकान. दुकानासोबत मेकअप करून देणारं माणूसही लागतं. आमच्याकडे ते माणूस मी. लग्न होऊन आले तेव्हा हे काम आमचे हे करायचे, मी फक्त फाटलेले अंगरखे शिवायची. एका गॅदरिंगच्या दिवशी ते तापाने फणफणले आणि स्पंज माझ्या हातात आला. पुढे ते गेले, दुकान राहिलं, स्पंजही राहिला.

लोकांना वाटतं मेकअप म्हणजे रंग फासणं. तसं नसतं. स्टेजवरचा उजेड चेहरा खाऊन टाकतो. नाक, डोळे, गाल सगळं सपाट दिसतं. ते मागच्या रांगेतल्या माणसाला दिसावं म्हणून आम्ही पुन्हा काढतो. तरुण माणसाला म्हातारं करायचं असेल तर त्याला कपाळाला आठ्या घालायला सांगायचं आणि जिथे आठी पडते तिथेच पेन्सिल फिरवायची. दुसऱ्याची आठी त्याला शोभत नाही. प्रत्येकाचं म्हातारपण त्याच्या चेहऱ्यात आधीच आखलेलं असतं, आम्ही फक्त गिरवतो.

गिऱ्हाइकं मात्र नाटकवालीच येतात असं नाही. एकदा सुलतानपूरकडची दोन भावंडं आली. वडील वारले होते आणि घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. सोबत धाकट्या चुलत्याला आणलं होतं. "याले आमच्या बाबासारखं करा, फोटो काढून घेतो," म्हणाले. मी आधी नाही म्हटलं. मग मागे उभ्या असलेल्या त्यांच्या आईकडे पाहिलं आणि चुलत्याला खुर्चीवर बसवलं. पोरं सांगत होती, मिशी अशी, भुवया अशा. आई मागेच राहिली होती. बऱ्याच वेळाने ती जवळ आली, दिराच्या तोंडाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "डावा डोळा जरा बारीक होता त्यायचा." मी तो बारीक केला. तिने पदर तोंडाला लावला आणि बाहेर जाऊन बसली. त्या फोटोला आता हार घालतात म्हणे.

हे सांगायचं कारण, चेहऱ्याला हात लावणाऱ्या माणसाला पुष्कळ गोष्टी न विचारता कळतात. जबडा आवळलेला असतो, पापणी फडफडत असते. ती आवरायला सांगून आवरत नाही. वृंदाच्या चेहऱ्याला मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा तो असाच आवळलेला होता.

वृंदा मेहकरच्या भास्कर सरांची बायको. सर कॉलेजात शिकवायचे आणि दरवर्षी स्पर्धेला नाटक उतरवायचे. दिग्दर्शन त्यांचं, मुख्य भूमिका त्यांची. आवाज खणखणीत, भाषा पुण्याची. मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, पण वऱ्हाडी बोललेलं त्यांना खपायचं नाही. वृंदा खामगावची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्नाआधी कॉलेजात असताना तिने बक्षिसं घेतली होती. लग्नानंतर तिचं नाटक सुटलं ते सुटलंच. त्या वर्षी नायिकेचं काम करणारी मुलगी लग्न ठरल्यामुळे ऐनवेळी गळाली आणि तालुक्याच्या गावी नाटकाला दुसरी बाई मिळणं किती अवघड असतं, हे ज्यांनी नाटक बसवलंय त्यांनाच माहीत. सरांनी बायकोला उभं केलं.

नाटक जुनं, नावाजलेलं, तीन अंकी. एक प्रतिष्ठित माणूस आणि त्याला देव मानणारी त्याची बायको. घरावर एक बालंट येतं. ते निभावताना बायकोच्या लक्षात येतं की या माणसाला आपली नाही, फक्त स्वतःच्या नावाची पडलेली आहे. दोन अंकभर तिचा त्याच्यावरचा विश्वास हळूहळू झिजत जातो आणि तिसऱ्या अंकात ती घर सोडून जाते. असं मूळ नाटक.

सरांनी शेवट बदलला होता. त्यांच्या नाटकात बायको दारापर्यंत जाते, थांबते, वळते आणि नवऱ्याच्या पायाशी बसते. मग नवरा तिच्या डोक्यावर हात ठेवतो आणि पडदा.

मी पोशाखांची मापं घ्यायला तालमीला गेले होते, तेव्हा वृंदाने त्यांना विचारलं. सगळे बसले होते. सरांचे जुने सोबती नाना होते, ते नाटकात नवऱ्याच्या मित्राचं काम करायचे.

"अहो, एक विचारू का? इतकं सगळं कळल्यावर ही परत काऊन येते? मले बोलताना ते खरं वाटत नाही."

सर हसले. "'काऊन' नाही, 'का'. आणि 'मले' नाही, 'मला'. स्टेजवर एखाद्या वेळी निसटलं तर परीक्षक हसतील." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आपल्याकडे बाई घर सोडून गेलेली लोकांना पटत नाही. शेवटी लोकांना समाधान हवं असतं."

वृंदा पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली आणि म्हटल्याप्रमाणे वळून पायाशी बसली. तिचं काम इतकं चांगलं होत होतं की नाना माझ्या कानात म्हणाले, "काकू, हे नाटक वैनीचं आहे आता." सरांनाही ते दिसत असावं. पुढच्या तालमींत तिची वाक्यं कमी होत गेली. एक लांब स्वगत चार ओळींवर आलं. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असे, गती यावी म्हणून.

प्रयोग बुलढाण्याला होता, दुपारचा. सलीमभाईंच्या पिकअपमध्ये माझ्या पेट्या टाकून आम्ही लवकरच पोहोचलो. सलीमभाई म्हणजे आमच्या शेजारचे, भाजीपाला वाहतात आणि गॅदरिंगच्या दिवसांत माझं सामान. सरांनी आल्या आल्या सगळ्यांना बजावलं की आज कोणी फोनला हात लावायचा नाही, एकाग्रता मोडते. वृंदाचा फोन त्यांनी सकाळीच बंद करून स्वतःच्या बॅगेत ठेवला होता.

मेकअपला बसल्यावर ती म्हणाली, "काकू, मी रोज सकाळी बाबाशी बोलते. आज बोलणंच झालं नाही. चुकल्यासारखं वाटून राह्यलं."

"प्रयोग झाल्यावर बोल," मी म्हटलं. "जबडा सैल सोड आधी."

पहिला अंक झाला. हॉल भरलेला होता आणि लोक खोकतसुद्धा नव्हते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नवरा आणि मित्र यांचा मोठा प्रवेश आहे, त्यात बायको नाही. तेवढ्या वेळात मला वृंदाला तिसऱ्या अंकासाठी तयार करायचं होतं. अंबाडा सैल करायचा, गालाचा रंग उतरवायचा आणि डोळ्यांखाली रात्र रात्र न झोपलेल्या बाईची काळजी काढायची. उजव्या डोळ्याखालचं झालं होतं. डावीकडे वळले तेवढ्यात खिळ्याला टांगलेल्या कोटात घुर्र घुर्र असा आवाज सुरू झाला.

तो सरांचा तिसऱ्या अंकातला कोट. फोन त्याच्या खिशात होता. थांबला, पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला, पुन्हा. आवाज विंगेपर्यंत जाईल म्हणून मी तो बंद करायला बाहेर काढला. पडद्यावर नाव होतं, मधुकर.

वृंदाने आरशातून पाहिलं. "मधुकर? दादा? तो ह्यायले कशाला फोन करते?"

तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावला. ती हॅलो म्हणायच्या आतच तिकडून आवाज आला. मी तिच्या केसांतल्या पिना धरून उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"भाऊजी, हात जोडतो, आता तरी तिले पाठवा. डॉक्टर म्हणतात, संध्याकाळी ऑपरेशनले घेतो. बाबा सारखे तिचंच नाव घेऊन राह्यले. काल तुम्ही म्हटलं, ती म्हणते प्रयोग सोडून नाही येत. मले समजते, पण तिले एकदा पुन्हा विचारून पाहा."

वृंदाने फोन दुसऱ्या कानाला लावला. मला वाटलं तिला नीट ऐकू गेलं नसेल. मग ती म्हणाली, "दादा, मी बोलून राह्यली."

"वृंदे?"

"बाबाले काय झालं?"

"हार्टचं आहे. काल संध्याकाळी भरती केलं. भाऊजींनी तुले सांगितलं नाही?"

"कुठं आहे तुम्ही?"

त्याने खामगावातल्या दवाखान्याचं नाव सांगितलं. "निघते," एवढंच म्हणून तिने फोन मांडीवर ठेवला. माझ्या बोटांखाली तिचं कपाळ गार पडलं होतं.

काल संध्याकाळी. म्हणजे आमची रंगीत तालीम चालू होती तेव्हा. त्या तालमीत सर मध्येच बाहेर जाऊन फोनवर बोलून आले होते आणि परत आल्यावर वृंदाकडून रडण्याचा प्रवेश पुन्हा पुन्हा करून घेतला होता. "अजून आतून येऊ दे," म्हणत होते. हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. तिलाही आठवलं असणार, कारण तिने आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

बाहेर टाळ्या झाल्या, पडदा पडल्याचा आवाज आला. सर घामाने डबडबून, खुशीत आत आले. मागे नाना आणि बाकीची मंडळी.

"काय पकडलंय हाउस. काकू, कोट," असं म्हणताना त्यांना तिच्या मांडीवरचा फोन दिसला. ते थांबले. मग अगदी शांत आवाजात म्हणाले, "तुला सांगणारच होतो. प्रयोग संपला की लगेच. उद्या पहाटे मी स्वतः घेऊन जाणार होतो."

"ऑपरेशन आज आहे."

"ते डॉक्टर बघतील. तू जाऊन काय करणार आहेस? आणि हे मी तुझ्यासाठीच केलं. काल सांगितलं असतं तर तू आज उभी राहू शकली असतीस का?"

वृंदा उठली. "दादाले तुम्ही काय सांगितलं?"

"दादाले नाही. दादाला."

मी इतकी वर्षं ग्रीनरूममध्ये काढली. भांडणं पाहिली, दारू प्यालेले नायक पाहिले, ऐन वेळी पळून गेलेला राजा पाहिला. पण त्या एका दुरुस्तीने माझ्या अंगावर जसा काटा आला तसा कधी आला नव्हता. मला वाटतं, सरांनाही कळलं नाही की आपण काय बोललो. सवयीने बोलून गेले.

वृंदाचा आवाज चढला नाही. "मी नाही येत म्हणते, असं तुम्ही सांगितलं. माझ्या बाबाले."

"काहीतरी सांगावं लागतं, वृंदा. परीक्षक बसलेत. हॉल भरलाय. या सगळ्यांनी महिने घातलेत यात. त्यांचा विचार कर. एक अंक फक्त. तासाभराचा प्रश्न आहे." मग माझ्याकडे वळले. "काकू, तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही समजवा हिला."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. सर आमचे जुने गिऱ्हाईक, माणूस वजनदार, चार संस्थांत त्यांचा शब्द चालायचा. पण बोलण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, ते मी बोलले. "वृंदा, सलीमभाईंची गाडी मागच्या दाराशी आहे."

सर दाराच्या दिशेने सरकले. अडवलं म्हणता येणार नाही, पण वाटेत उभे राहिले. तिने मंडळींकडे पाहिलं. तिला सरांची भीती नव्हती, त्या बाकीच्यांची लाज वाटत होती. रंग लावून, पोशाख घालून, घंटेची वाट बघत उभी असलेली ती माणसं. तेव्हा नाना पुढे आले आणि त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला केलं, दांडगाई न करता, गर्दीत वाट करतात तसं.

"जा वैनी," ते म्हणाले. "आमचं काय, पुढच्या साली करू."

ती गेली. अंगावर माझी नाटकातली साडी, सैल सुटलेला अंबाडा आणि एकाच डोळ्याखाली काळजी. दुसरा डोळा तसाच राहिला होता. मी मागोमाग गेले. सलीमभाई गाडीत बसून पान खात होते. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिच्याकडे पाहूनच ते खाली उतरले, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, "बैठो बेटा. कुठं जायचं ते बसल्यावर सांग."

मी परत विंगेत आले तेव्हा पडद्यापलीकडे लोक चुळबुळ करत होते. घंटा व्हायची वेळ टळून गेली होती. आता काय होणार, कोणालाच कळत नव्हतं. नाटक रद्द झालं हे सांगायला पडद्यापुढे कोणी जावं यावर कुजबुज चालू होती. नाना म्हणाले, मी जातो. पण सर उठले. त्यांनी आरशात पाहिलं, कपाळावरचा घाम टिपला, कोट चढवला आणि पडद्याच्या फटीतून पुढे गेले.

मी त्यांना बाजूने पाहत होते. त्यांनी हात जोडले, थोडा वेळ बोललेच नाहीत. हॉल चिडीचूप झाला. मग ते भरल्या आवाजात म्हणाले, "रसिकहो, आत्ताच माझे सासरे अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. माझी पत्नी, जी आज आपल्यासमोर नायिका म्हणून उभी होती, ती कर्तव्य म्हणून तिसरा अंक करायला तयार होती. पण मी म्हटलं, वृंदा, नाटक पुन्हा होईल, वडील पुन्हा मिळत नाहीत. मी तिला आत्ताच रवाना केलं आहे. या प्रयोगाचं जे व्हायचं ते होवो. मला क्षमा करा."

टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेतले लोक उभे राहिले, मग मागचे. एका बाईंनी डोळे पुसले. सर मान खाली घालून उभे होते. इतकी वर्षं मी त्यांची कामं पाहिली, त्यांना एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या.

आत आल्यावर कोणी त्यांच्याशी बोललं नाही. त्यांना ते जाणवलं की नाही, देव जाणे. कोट माझ्या हातात देताना म्हणाले, "पाहिलंत ना काकू? लोकांना पटलं." मी कोट घडी करून पेटीत ठेवला. तेव्हाच खडसावायला हवं होतं असं पुष्कळांनी नंतर मला म्हटलं. पण मला त्या क्षणी शब्द सुचले नाहीत, आणि सुचले असते तरी त्या टाळ्यांपुढे ते कोणाला ऐकू गेले असते?

वृंदा ऑपरेशनच्या आधी पोहोचली. हे मला सलीमभाईंनी सांगितलं, ते तिच्या भावाजवळ तिला सोपवूनच परतले. पुढचं खुद्द तिने सांगितलं. वडिलांना आत नेत होते. त्यांनी डोळे उघडून हिच्याकडे पाहिलं आणि पहिलं काय विचारलं, तर, "इतकी काऊन वाळली वो पोरी? डोळ्याखाली कसं काळं पडलं." तिला एकदम समजेना कशाबद्दल बोलतात. मग आठवलं. "रंग आहे बाबा, धुतलं की जाते," असं ती म्हणाली आणि ते हसत आत गेले. ते वाचले. अजून आहेत, काठी घेऊन चौकापर्यंत फिरून येतात.

ती मेहकरला परत राहायला गेली नाही. बदल्या निघाल्या तेव्हा तिने संग्रामपूर तालुका मागून घेतला, जिकडे कोणी आपण होऊन जात नाही. सोनाळ्याला खोली केली. सरांनी निरोप पाठवले, माणसं पाठवली, शेवटी स्वतः गेले. गावात बोललं गेलं की एवढ्याशा फोनवरून बाईने संसार मोडला. मीही एकदा, दुकानात ती पोरांच्या गॅदरिंगचे फेटे घ्यायला आली असताना, तिला विचारलं.

"फोन लपवला म्हणून नाही काकू," ती म्हणाली. "घाबरून माणूस लपवते. ते मी सोसलं असतं. पण माझ्या तोंडून नाही म्हटलं त्यायनं. मी कशी आहे हे माझ्या बाबाले सांगितलं, आणि ते खोटं सांगितलं. बाबा गेले असते तर तेच खरं समजून गेले असते." ती फेटे पिशवीत भरत होती. "आणि मग मले आठवत गेलं, की अशी किती ठिकाणी मी नाही म्हटली असेल, जिथं मले कोणी विचारलंच नाही."

गेल्या वर्षी तिने सोनाळ्याला तेच नाटक केलं. पूर्ण नाही, तिसरा अंकच. आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षिका मिळून, महिला मेळाव्यात. शेवट मूळचा. नवऱ्याचं काम शबाना मॅडमनी केलं, त्या तिच्याच शाळेत गणित शिकवतात. मेकअपला अर्थातच मी. शाळेच्या पटांगणात मांडव होता, दिवसाउजेडी प्रयोग, त्यामुळे रंग हलकाच ठेवला. वृंदाच्या चेहऱ्याला हात लावला तर जबडा सैल होता. मला काहीच सांगावं लागलं नाही.

सुरू व्हायच्या थोडं आधी शबाना मॅडम कनातीतून डोकावून आत आल्या आणि हलकेच म्हणाल्या, "वृंदा मॅडम, तुमचे सर आले आहेत. पुढच्या खुर्चीवर बसलेत."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. वृंदाने डोळे मिटले, उघडले. "बसू द्या," म्हणाली.

तो अंक मी बाजूला उभी राहून पाहिला, पण निम्मा वेळ माझं लक्ष सरांकडेच होतं. आता उठतील, काही बोलतील, मांडवात तमाशा होईल, असं सारखं वाटत होतं. स्टेजवर शबाना मॅडम बायकोला सांगत होत्या की हे सगळं मी तुझ्यासाठीच केलं, आणि बायका पदरात तोंड घालून हसत होत्या, काही जणी मुळीच हसत नव्हत्या. सर हाताची घडी घालून, मान एका बाजूला कलती करून बघत होते. वृंदा दारापर्यंत गेली. थांबली नाही, वळली नाही. सरळ निघून गेली.

ती तेल लावून रंग काढत असताना सर आत आले. शबाना मॅडम मिशी न काढताच बाजूला उभ्या होत्या. ते खुर्ची ओढून बसले.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "शेवटी थोडी घाई झाली. दारात एक क्षण थांबायला हवं होतं, प्रेक्षकाला तो वेळ द्यावा लागतो." मग शबाना मॅडमकडे पाहून, समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचंही बरं होतं. पण नवरा फारच एकांगी वाटला. इतका आपमतलबी माणूस प्रत्यक्षात असतो का कुठे? जरा माणुसकी दाखवायला हवी त्यात."

मी वृंदाकडे पाहिलं. तिचा कापूस गालावर तसाच राहिला होता. ती त्यांच्याकडे बघत होती, बराच वेळ, एखाद्या ओळखीच्या वाटणाऱ्या माणसाकडे बघावं तशी.

"पाणी घेता?" तिने विचारलं.

त्यांनी पाणी घेतलं, बसची वेळ झाली म्हणाले आणि गेले. पटांगण ओलांडून ते फाटकाबाहेर पडेपर्यंत ती कनातीच्या फटीतून बघत होती. मग खाली सतरंजीवर बसली आणि हसायला लागली. आधी हलकेच, मग आवरेना. शबाना मॅडमही हसायला लागल्या, मिशी एका बाजूने सुटून लोंबत होती. हसता हसता वृंदाच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलं आणि मला तिचं तोंड पुन्हा पहिल्यापासून पुसावं लागलं.